फ्रीजरची खंडेनवमी

संयोगितानं डीप फ्रीजरच्या मुठीवरची झेंडूची माळ बाजूला सारली, दार ओढलं, आणि आतलं पाणी तिच्या पायांवर आलं. उणे ऐंशी अंशांच्या कपाटात पाणी म्हणजे काय, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तरी तिनं वरचा डबा काढला, त्यातली एक इवलीशी नळी कानाशी धरून हलवली. एरवी आतला मांसाचा तुकडा खड्यासारखा वाजायचा. आज आवाज आला नाही. मग ती वेड्यासारखी एकेक नळी हलवतच राहिली.

नळ्यांत इस्लामपूरकडच्या पोरांच्या मांडीचे तुकडे होते. तिकडच्या काही घरांत पोरं धडधाकट जन्माला यायची, शाळेत पळायची, आणि विशीच्या आत अंथरुणाला खिळायची. रक्त तपासून झालं होतं, दोष सापडत नव्हता. स्नायू घडवताना पेशी नेमकी कुठे चुकते, हे त्या तुकड्यांतल्या आरएनएवरून कळलं असतं. पण आरएनए ही फार नाजूक चीज. मांस वितळलं की तिचा भुगा. आरएनए वाचणाऱ्या पुण्याच्या मोठ्या यंत्रावर नंबर लागता लागता वर्षं गेली, आणि आता कुठे पुढच्या आठवड्याचा मिळाला होता. तुकडे देणाऱ्या पोरांतलं तोवर कुणीच उरलं नव्हतं. दोष कळला असता तर निदान औषध कुठे शोधायचं, ते तरी कळलं असतं.

दसऱ्यासाठी ती फलटणला सासरी गेली होती. कराडच्या या प्रयोगशाळेच्या किल्ल्या होत्या शिपाई भाऊसोकडे.

"भाऊसो!"

भाऊसो हात पुसत आला. खिशातून आपट्याची पानं काढून त्यानं तिच्या हातावर ठेवली.

"सोनं घ्या म्याडम. आन् आवं, पुन्याला कवा धाडायचं ते? जरा लवकर बघा."

"फ्रीजर कुणी बंद केला?"

"म्याच की. खंडेनवमीला. समद्या मशिनी पुसल्या, हळदकुंकू लावलं. मिल्ट्रीत आमच्या वर्कशॉपला त्या दिवशी पाना हलायचा न्हाई. ह्यो गडी तर रातंदिस राबतोय. म्हनलं, घे बाबा इसावा. आज सकाळी केला की चालू."

"त्याची घंटा वाजली नाही?"

"लय वराडत हुता. घंटीच्या ब्याटरीची वायर काढली, मग गप झाला."

संयोगिताच्या तोंडात शिव्या आल्या, आणि तिथेच राहिल्या. रागावायचं तर समोरचा माणूस तरी रागावण्याजोगा हवा. भाऊसोची मुलगी क्रांती याच दुखण्यानं गेली, तेव्हा संयोगितानंच खटपट करून त्याला इथे चिकटवलं होतं. मधल्या कप्प्यातली एक नळी क्रांतीची होती. कुणी न सांगता तो रोज सकाळी आधी हा फ्रीजर पुसायचा, मग बाकीची खोली. पोरीचं या जगात एवढंच काय ते उरलेलं, आणि ते सांभाळणाऱ्या यंत्राला त्यानं मायेनं सुट्टी दिली. असल्या मायेचं काय करायचं, तिला कळेना. नुसतं रडू येत होतं.

"भाऊसो, आतला गारवा गेला की सगळं नासतं," ती म्हणाली. "सगळं नासलंय."

"मटनावानी?"

"हो."

तो उघड्या दारातून आत बघत राहिला.

"क्रांतीचं बी?"

फ्रीजर आता पुन्हा गार होईल, नळ्या पुन्हा गोठतील, आणि याला कधीच काही कळणार नाही, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण तिनं मान डोलावली.

भाऊसो स्टुलावर बसला. मग उठला, आणि दारावर लावलेलं कुंकू बाहीनं पुसायला लागला. ते निघेना, नुसतं पसरत गेलं.

"म्या बंद केला," तो म्हणाला. "माज्या हातानं."

खोटं सांगून त्याची समजूत काढायचं बळ संयोगितात उरलं नव्हतं.

"दुसऱ्या कुनाचा तुकडा घेतला तर?"

"कुणाचा घेणार? ती पोरं गेली सगळी."

"यशराजचा घ्या."

यशराज त्याचा धाकटा, आठवीतला.

"काहीतरीच काय! तो चांगला आहे. धडधाकट पोराची मांडी कापून मला काय कळणार? आणि क्रांतीच्या वेळी तुम्हीच म्हणालात ना, ह्याला हात लावू नका म्हणून?"

"म्हनलो हुतो."

बाही लाल झाली होती. ती त्यानं दुमडून वर सारली.

"परवा शिवंवर सोनं लुटाया गेलो आमी. पोरगं पानं येचाया खाली बसलं. उठताना गुडघ्यावर हात टेकून उठलं, म्याडम. एकदा न्हवं, दोनदा. क्रांतीचं बी तसंच सुरू झालं हुतं."

फ्रीजरचं दार उघडंच होतं. ते लावायचं दोघांनाही सुचलं नाही.

"घरी सांगितलंत?" संयोगितानं विचारलं.

"न्हाई," भाऊसो म्हणाला. "सन हुता."