शेवटचा शुक्रवार

ज्या साली माझ्या धाकट्या लेकाचं, रमिझचं लग्न सहा माणसांत उरकावं लागलं आणि बँडवाल्यांना दारातूनच परत पाठवावं लागलं, त्या साली मी माझ्या हातानं पहिली पाटी लिहिली.

दक्षिण सर्बियातल्या आमच्या गावात शाळेतच दातांचा दवाखाना आहे. तिथे मी हत्यारं धुऊन, पाकिटात भरून वाफेच्या यंत्रात लावायची. पाकिटावरची पट्टी तपकिरी झाली की वाफ आतपर्यंत पोचली असं समजायचं आणि वहीत सही करायची. त्या सहीसाठीच मी पन्नाशी उलटल्यावर अक्षरं शिकले. आमच्या रोमा मोहल्ल्यात – बाकीचे आम्हाला जिप्सी म्हणतात – सही करणाऱ्या बायका तेव्हा दोनच.

साथ आली तेव्हा डॉक्टरीणबाई स्लावित्सा म्हणाल्या, "झेकिया मावशी, वरून कागद आलाय. पाटी लिहा बघू. तुमचं अक्षर टपोरं आहे."

त्यांनी सांगितलं, मी लिहिलं: मोहल्ल्यातली मुलं – महिन्याचा शेवटचा शुक्रवार. दोन पावलं मागे सरून बघितलं. ओळ सरळ आली होती. खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटला.

साथ गेली. तोंडावरचे मास्क गेले, दारातली जंतुनाशकाची बाटली रिकामी झाली ती पुन्हा कुणी भरली नाही. पाटी राहिली. मीच ती दर आठवड्याला पुसत होते.

चार वर्षांनी, एप्रिलच्या एका सोमवारी माझ्या थोरल्याची लेक सनेला गाल धरून उठली. नऊ वर्षांची पोर. आईबाप व्हिएन्नात कामाला, म्हणून माझ्यापाशी. दाढेत पू झाला होता. तिला घेऊन गेले.

"शुक्रवारी आणा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"अहो बाई, साथ संपली ना!"

"नियम नाही संपला. भिंतीवर बघा, तुमच्याच हातचं आहे."

"मी धुतलेली हत्यारं चालतात, आणि माझ्या घरचं पोर चालत नाही?"

"एकीला घेतलं तर उद्या अख्खा मोहल्ला दारात येईल. ही गोळी द्या, दुखायचं थांबेल."

तिथून शहरातल्या दवाखान्यात गेले. खिडकीतली बाई म्हणाली, शाळेतल्या मुलांना शाळेच्या डॉक्टरची चिठ्ठी लागते.

मंगळवारी शाळेतला दवाखाना झाडताना मी टेबलाच्या खणातून तो वरून आलेला कागद काढला. बोट ठेवत ठेवत वाचला. ताप असलेली मुलं शेवटी घ्यावीत, एवढंच लिहिलं होतं. मोहल्ला हा शब्द कुठेच नव्हता. चार वर्षं तो खण मीच पुसत होते, आणि मला वाचता येत होतं.

कागद डॉक्टरीणबाईंच्या पुढ्यात ठेवला.

"वाचायला शिकलात, आता भांडायलाही शिकलात," त्या म्हणाल्या. मग कागद घडी घालून खिशात टाकला. "बरं, उद्या आणा. सगळ्यांच्या आधी घेते."

घरी आले तर सूज गळ्यापर्यंत उतरली होती.

"आजी, शुक्रवार कधी गं?"

"उद्याच," मी म्हणाले.

रुग्णवाहिका आली तेव्हा तिला श्वास पुरत नव्हता.

पाटी मी नंतर काढून घरी आणली. कुणी विचारलंसुद्धा नाही.

सनेला बुधवारी, २४ एप्रिल २०२४ रोजी सकाळी शहरातल्या इस्पितळात वारली. शुक्रवारला दोन दिवस होते.