मीटरची वीस पावलं

माझ्या वडिलांना कंपनीत कोणी नावाने हाक मारत नाही. मोठ्या साहेबांपासून ट्रॅक्टरवाल्यापर्यंत सगळे त्यांना 'मीटर' म्हणतात आणि तेही खुशाल ओ देतात. कंपनी लाकडासाठी निलगिरी लावते, वाढवते, तोडते आणि पुन्हा लावते. बाबा लागवडीवर मुकादम आहेत. नाव पडलं ते त्यांच्या पावलामुळे. त्यांचं एक पाऊल म्हणजे बरोबर एक मीटर. फार वर्षांपूर्वी एक नवा सर्व्हेअर स्टीलचा टेप घेऊन आला आणि त्याने सगळ्यांसमोर बाबांना शंभर पावलं चालायला लावलं. फरक निघाला एका वितीचा. बाबांनी टेपकडे बघितलं आणि म्हणाले, उन्हाने वाढला असेल. त्यानंतर सर्व्हेअर टेप खोलीत ठेवून बाबांनाच बरोबर न्यायला लागला.

ही गोष्ट मी निदान दोनशे वेळा ऐकली आहे. बाबा सांगतात तेव्हा ती वीत दर वर्षी थोडी आखूड होते. हल्ली ती दोन बोटांवर आली आहे.

मी त्याच कंपनीची रोपवाटिका सांभाळते. नकाशा बघून कुठल्या प्लॉटला किती रोपं लागतील ते काढायचं आणि तेवढी मोजून द्यायची, हे माझं काम. माझी मोजणी चुकत नाही. बढाई म्हणून सांगत नाही, ते खातं आमच्या घरी बाबांकडे आहे.

आमच्या घरामागून एक ओढा जातो. अलीकडच्या काठाला आमचं परसू आणि थोडा खडक, पलीकडच्या काठावर कंपनीचा मोठा प्लॉट. आई लग्न होऊन आली तेव्हा पलीकडे नुसतं गवताळ रान होतं आणि ओढा बारा महिने वाहायचा. ती म्हणते, घर बघून मला रडू आलं आणि ओढा बघून मी राहिले. मग मी दोन वर्षांची असताना कंपनीने ते रान घेतलं आणि बाबांनी तिथे निलगिरी लावली, अगदी पाण्याच्या कडेपर्यंत. तेव्हा हुकूमच तसा होता, आणि हुकूम पाळण्यात बाबांचा हात धरणारा कोणी नव्हता. झाडं भराभर उंच झाली. लागवडीच्या सातव्या वर्षी ओढा पहिल्यांदा उन्हाळ्यात थांबला. नवव्या वर्षी थांबला तो थांबलाच. बाबा पावसाला बोल लावायचे. झाडांखाली गवताचं पातं उगवेना, पाखरू फिरकेना, पायाखाली फक्त पाचोळा वाजायचा. आई म्हणायची, हे कसलं मुकं जंगल. बाबा चिडून सांगायचे की हे जंगल नाही, लागवड आहे.

"तेच म्हणतेय मी," आई म्हणायची.

मागच्या वर्षी त्या प्लॉटची तोड झाली. ओंडके गेले, खुंट उपटले, जमीन उघडी पडली. चौथ्या महिन्यात आईला परसातून वास आला, ओल्या मातीचा. ती बघायला गेली तर दगडांमध्ये माती भिजली होती. पंधरा दिवसांनी तिथे करंगळीएवढी धार होती आणि हिवाळ्यापर्यंत घोटाभर पाणी. बेडूक आले, चतुर आले. कुठून आले कोण जाणे, बोटाच्या पेराएवढे मासेसुद्धा आले. आईने बाबांना नेऊन दाखवलं. बाबा पाण्याकडे बघत म्हणाले, "म्हणजे पावसाचं काही चुकलं नव्हतं."

आईने त्यावर एक शब्दही काढला नाही. मी असते तर वर्षभर ऐकवलं असतं. तेव्हापासून ती रोज कामं आटपली की पाण्यात पाय सोडून बसते, आणि घरातलं काही सापडत नसलं तर तिला विचारायला आम्ही ओढ्यावर जातो.

या वर्षी त्या प्लॉटवर पुन्हा लागवड ठरली. पण आता नियम बदलला आहे. काठापासून वीस मीटर जागा मोकळी सोडायची, तिथे एकही झाड नाही. वीस मीटर म्हणजे काही फार नाही, वरची झाडं त्यांच्या वाटणीचं पाणी ओढणारच. पण एवढी जागा सुटली तर ओढा तग धरेल, असं जाणकार सांगतात. बाबा दोन महिन्यांनी निवृत्त होणार आणि ही त्यांची शेवटची लागवड. कामाला सुरुवात झाली त्या सकाळी ते बूट घालता घालता आईला म्हणाले, "या खेपेला तुझा ओढा मी तुला सोडला." बाबा असं कधी बोलत नाहीत. आईने ते वाक्य दोन दिवस गोळीसारखं तोंडात घोळवलं.

लागवड खालून वर जाते. ओढ्याकडची पहिली ओळ बाबा स्वतःच्या पावलांनी आखून देतात, कारण काठ वाकडातिकडा आहे. पुढच्या ओळी तीन-तीन मीटरवर गाठी मारलेल्या दोरीने. नवव्या दिवशी बाबांचा मला फोन आला की वरच्या दोन ओळी उघड्या राहिल्यात, चारशे रोपं कमी दिलीस, पाठव. मागे मजुरांची हसण्या-बोलण्याची गडबड ऐकू येत होती. म्हणजे हे चारचौघांत चाललं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सांगितलं की एकही रोप कमी नाही. ते म्हणाले, मग काय रोपं चालत घरी गेली? संध्याकाळी जेवताना पुन्हा तेच. शेवटी आईने दोघांच्या ताटात भाजी वाढली आणि आधी जेवा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी रोपवाटिकेतला टेप उचलला आणि प्लॉटवर गेले. मजूर जेवायला बसले होते, बाबा ट्रॉलीच्या सावलीत तोंडावर टोपी ठेवून आडवे झाले होते. माझी मोजणी बरोबर आहे एवढंच मला सिद्ध करायचं होतं. दोरीच्या गाठी मोजल्या, ठीक होत्या. ओळी मोजल्या, ठीक होत्या. राहता राहिलं काठाचं अंतर. दगडाखाली टेपचं टोक दाबून मी पहिल्या रोपापर्यंत गेले. चौदा मीटर. मला वाटलं, टेप कुठेतरी अडकला. दुसऱ्या जागी बघितलं, चौदा मीटर आणि थोडं. दहा ठिकाणी मोजलं. कुठेच पंधरा भरेना.

वीस मीटरच्या आत दोन ओळी जास्त बसल्या होत्या. दोन ओळी म्हणजे चारशे रोपं. मी जिंकले होते, आणि मला तिथेच रडू फुटलं. त्या ट्रॉलीच्या सावलीत झोपलेल्या माणसाचं पाऊल आखूड झालं होतं आणि ते त्याला माहीत नव्हतं.

घरी येऊन आईला सांगितलं. ती पाण्यातच पाय सोडून बसली होती. तिला धक्का बसेल असं मला वाटलं होतं, पण तिने नुसती मान हलवली.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "ओळ आखली तेव्हाच बघितलं मी इथून."

मग बोलली का नाहीस, म्हणून मी तिच्यावर उखडले. ती शांतपणे म्हणाली की आयुष्यभर हा माणूस या एका नावावर ताठ उभा आहे, दोन महिने राहिलेत, राहू दे. मी म्हटलं की सहा वर्षांत त्या दोन ओळींची मुळं इथे येऊन पोचतील, मग तुझा ओढा? आई पाण्याकडे बघत म्हणाली, "नव्हता तेव्हाही राहिलेच ना मी." आणि बाबांना सांगू नकोस, अशी तिने मला गळ घातली. मी काहीच कबूल केलं नाही. मला तिचा राग आला, बाबांचा आला, आणि टेप घेऊन मीच या दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले म्हणून स्वतःचाही आला.

सकाळी मजूर यायच्या आत मी बाबांबरोबर ओढ्यावर गेले. वाटेत बोलायला गुळगुळीत वाक्यं जुळवली होती, ती सगळी विसरले.

"बाबा, रोपं बरोबर होती," मी म्हटलं. "तुमचं पाऊल कमी पडतंय."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी नजर खाली घातली. मग ते काठाशी गेले, खांदे मागे घेतले आणि चालायला लागले. लहानपणी मी त्या चालीमागे धावायचे. आज ते पाऊल ताणत होते, प्रत्येक पावलाला कंबर हलत होती, तरी मोजणी मोठ्याने चालू होती. विसाव्या पावलाला ते थांबले. मी टेप ओढून तिथवर नेला पण आकडा उच्चारायला माझी जीभ रेटेना. त्यांनी खिशातून चष्मा काढला, वाकले आणि स्वतः वाचलं. एवढं ताणूनही पंधरा झाले होते.

त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती ही, "तुझ्या आईला कळलं?"

मी हो म्हटलं.

"काय म्हणाली?"

"तुम्हाला सांगू नकोस म्हणाली."

बाबा तिथेच जमिनीवर बसले. एका रोपाभोवतीची माती उगाच बोटांनी सारखी करत राहिले. मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटत होतं, पण आमच्याकडे तशी पद्धत नाही, म्हणून मी टेप गुंडाळला.

मजूर आले तेव्हा बाबा उठले. मला वाटलं, नकाशाचं किंवा साहेबांचं काहीतरी निमित्त सांगतील, आणि मी तोंडाला कुलूप लावायचं ठरवलं. पण त्यांनी सगळ्यांना जवळ बोलावलं आणि सांगितलं की मीटर आखडलाय, खालच्या दोन ओळी मातीसकट काढायच्या आणि वर नेऊन लावायच्या. ट्रॅक्टरवाला टेपकडे बघून म्हणाला, "उन्हाने वाढला असेल." आधी बाबा हसले, मग सगळे. हसता हसता बाबांनी डोळे पुसले, आणि ते मी बघितलं हे त्यांनीही बघितलं.

पहिलं रोप त्यांनी स्वतः काढलं. दोन्ही तळव्यांत मातीचा गोळा न फुटू देता ते वरपर्यंत घेऊन गेले. दिवसभर आम्ही तेच केलं. वरच्या उघड्या जागेत सगळी रोपं बसली आणि तीन उरली. ती माझ्या हातात देत बाबा म्हणाले, "बघ, तीन जास्त दिली होतीस." मला इतकं बरं वाटलं की मी भांडलेसुद्धा नाही.

उन्हं कलली तेव्हा आई दगडांवरून ओढा ओलांडून चहा घेऊन आली. मोकळा झालेला काठ तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितला. बाबांनी पेला घेतला, पण प्यायले नाहीत. तुला कळलं होतं तर मला बोलली का नाहीस, असं त्यांनी विचारलं. मी बाजूला सरकणार होते, पण सरकले नाही.

"कळायला ओळ कशाला बघायला हवी?" आई म्हणाली. "लग्न झाल्यापासून बाजारात जाताना मी तुमच्या मागून धावतेय. दम लागायचा मला. दोन वर्षं झाली, आपण बरोबरीने चालतोय. मी कशाला बोलू?"

बाबांनी चहा एका घोटात संपवला. तो गरम होता, त्यांना नक्की भाजला असणार. रिकामा पेला माझ्या हातात देऊन ते आईला म्हणाले की चल, वळणापर्यंत जाऊन बघू, कुठे एखादं रोप राहिलं नाही ना. काही राहिलेलं नव्हतं, आम्ही दोनदा तपासलं होतं.

दोघं मोकळ्या काठाने निघाली. सवयीने बाबा दोन पावलं पुढे गेले, मग थांबले, आणि आई येईपर्यंत थांबून राहिले. मी मागे उभी होते, हातात टेप होता. त्या दोघांमधलं अंतर मोजावं एवढं काही राहिलं नव्हतं.