पडवीतला 'वि'

मी एक जुनी मोजणीची टेप आहे, मित्रांनो. शंभर फूट लांब, कापडी, आत बारीक तारा, बाहेर चामड्याची गोल डबी आणि टोकाला पितळी कडी. सध्या मुक्काम घरपट्टी कार्यालयातल्या कपाटाच्या सर्वांत खालच्या फळीवर. तुम्ही म्हणाल, टेपला कसलं आलंय आत्मवृत्त? म्हणा बापडे. माणसं तोंडाने काय म्हणतात यावर माझा तसाही भरवसा नाही. मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, असा माझा स्वभावच आहे.

हा स्वभाव मला कारखान्यातच मिळाला. माझ्यावरचे आकडे छापून झाले, तर एका बाईंनी ते भिंग लावून तपासले. एकदा तपासून त्यांचं समाधान होईना, म्हणून पुन्हा तपासले, आणि डबीत भरताना परत एकदा डोकावून बघितलं. मी तेव्हा नवी कोरी होते, पण जग असंच चालतं हे मला तिथेच समजलं.

पुढे घरपट्टी कार्यालयात रुजू झाले आणि संशयाला खतपाणीच मिळालं. तुमच्या घराची जागा जितकी जास्त, तितकी घरपट्टी जास्त. त्यामुळे मोजणीला गेलं की माणसं फार प्रेमळ होतात. "द्या साहेब, मी धरतो कडी!" म्हणत पुढे धावतात आणि कडी भिंतीला टेकवायची सोडून चार बोटं अलीकडेच धरतात. वर मला अशी ओढतात, अशी ताणतात, की माझ्या तारा कुरकुरायला लागतात. ताणलं की आकडा कमी येतो ना! तीच माणसं घर विकायला काढलं की मला झोपाळ्यासारखी सैल सोडतात. तेव्हा घर मोठं दिसायला हवं असतं. एका घरात तर आजीबाई माझ्यावर पाट टाकून बसल्या होत्या आणि उठायचं नाव घेईनात.

माझे धनी म्हणजे आमच्या कार्यालयातले मोजणीदार. माणूस सरळ, पण दोन खोडी होत्या. एक म्हणजे कागदाची काटकसर. ओळ अशी कडेपर्यंत लिहायचे की समास नावाला उरायचा नाही. शब्द मावला नाही तर तिथेच तोडून उरलेलं अक्षर खालच्या ओळीत. कार्यालयात त्यांना सगळे 'बिनसमास साहेब' म्हणायचे. दुसरी खोड म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाशी त्यांचं हाडवैर होतं. वेलांटी पहिली की दुसरी याचा त्यांनी आयुष्यात कधी विचार केला नाही. हाताला येईल ती द्यायचे आणि पुढे टिंब ठोकून मोकळे व्हायचे.

एकदा आम्ही एका शिंपीणबाईंचं घर मोजायला गेलो. दोन अंधाऱ्या खोल्या आणि बाजूला पत्र्याच्या छपराची पडवी. पडवीत दोन शिलाई मशीनं, कापडांचे गठ्ठे आणि काजं करत बसलेले त्यांचे सासरे. बाईंच्या गळ्यात एक छोटी साठ इंची टेप लोंबत होती. माझ्याकडे बघून तिने नाक मुरडलं असावं, असा माझा संशय आहे. पडवीला लागूनच भिंत, आणि भिंतीपलीकडे वजनमाप विभागाची सरकारी इमारत. दुकानदारांचे तराजू, मापं, काटे खरे आहेत की खोटे हे तपासणारं ते खातं.

सासरेबुवा माझ्याहून संशयी निघाले. "कडी मीच धरणार," म्हणाले, "आणि आकडाही मीच वाचणार." त्यांनी मला जीव खाऊन ओढलं. पडवी भरली अकरा फूट बाय नऊ. साहेबांनी मोजणीवहीत लिहिलं आणि आम्ही परतलो.

त्यानंतर माझे बरे दिवस होते, मित्रांनो. साहेब सगळ्यांना सांगायचे, "आमची टेप म्हणजे कोर्टाचा साक्षीदार आहे." मला फार बरं वाटायचं. पण मग कार्यालयात कॉम्प्युटर आले, जुन्या वह्यांतल्या नोंदी भराभर त्यात उतरवल्या गेल्या, आणि पाठोपाठ लाल ठिपका पाडून अंतर सांगणारं एक यंत्र आलं. मी साहेबांच्या खणात गेले. खणात टाचण्या, डिंकाची बाटली आणि मी. डिंकाच्या बाटलीचं झाकण सैल होतं, त्यामुळे मी तिच्यापासून जरा लांबच असायचे.

नऊ वर्षं अशी गेली. आणि एका सकाळी त्याच शिंपीणबाई कार्यालयात आल्या, हातात कागद, मागे काठी टेकत सासरे.

"अहो भाऊ, हे बघा काय आलंय," त्या कारकुनाला म्हणाल्या. "वजनमाप विभाग इमारत वाढवतोय. शेजारची पड जागा महिन्याभरात मोकळी करा म्हणे. कुठली पड? माझी मशीनं काय हवेत तरंगतायत?"

कारकुनाने कॉम्प्युटरवर शोधलं. "बाई, यादीत स्पष्ट आहे. 'पड, विभाग.' सरकारी जागा म्हणून घरपट्टी माफ. मी काय माझ्या मनाचं सांगतोय का?"

"अहो, ती आमची पडवी आहे! आतल्या खोल्यांत भर दुपारी सुईत दोरा ओवता येत नाही. उजेड आहे तो तेवढ्या पडवीत. ती गेली तर मी शिवू कुठे आणि आम्ही खाऊ काय?"

सासरे मध्येच म्हणाले, "मी तेव्हाच म्हटलं होतं, सूनबाई, घरपट्टी एकदम कमी कशी झाली? कुठेतरी पाणी मुरतंय. पण म्हाताऱ्याचं ऐकतंय कोण!"

बाईंनी मान खाली घातली. "ऐकलं होतं, बाबा. पण कमी आली म्हणून गप्प बसले. विचारायला हवं होतं, माझंच चुकलं."

खण अर्धा उघडा होता. मी सगळं ऐकत होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. मला आठवत होतं ना! अकरा बाय नऊ, पत्र्याचं छप्पर, काजं करणारे सासरे. ती पड जागा नव्हतीच. याचा अर्थ कोणीतरी ध चा मा केला होता. कोणी? माझा पहिला संशय वजनमापच्या अधिकाऱ्यांवर. चकचकीत बूट आणि गोड बोलणं. सहा महिन्यांपूर्वी नकाशाची गुंडाळी घेऊन ते आले होते आणि आपल्या खात्याच्या किती जागेची घरपट्टी माफ आहे, याचा दाखला घेऊन गेले होते. दुसरा संशय कारकुनावर, कारण तो त्यांना "बसा ना, बसा ना" करत होता. तिसरा त्या लाल ठिपक्याच्या यंत्रावर. काही कारण नव्हतं, पण मला ते मुळातच आवडत नव्हतं.

साहेब उठले, जुन्या दफ्तराच्या खोलीत गेले आणि मोजणीवही घेऊन आले. पान उलटलं. मी खणातून वाकून बघितलं आणि माझं मलाच खरं वाटेना.

पानावर साहेबांचंच अक्षर होतं. ओळीच्या अगदी शेवटी, समास गिळून, 'पड' एवढंच मावलं होतं. आणि खालच्या ओळीच्या सुरुवातीला ऱ्हस्व वेलांटीचा 'वि' आणि पुढे टिंब. कॉम्प्युटरवर उतरवणाऱ्याने ते 'पड, वि.' असं वाचलं. वि. म्हणजे विभाग. शेजारी विभागाची इमारत होतीच. त्या बिचाऱ्याला शंका यावी तरी कशी? पडवीचे दोन तुकडे झाले आणि त्यातला एक तुकडा सरकारजमा झाला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी अख्ख्या जगावर संशय घेत बसले आणि चोर माझ्याच खणाच्या मालकाच्या पेनात होता.

साहेबांनी ते पान पुष्कळ वेळ बघितलं. निवृत्तीला दोन महिने राहिले होते. या टोकाला नोकरीच्या पुस्तकात चूक केल्याचा शेरा पडला की पेन्शनचे कागद अडकतात, हे कार्यालयातल्या खुर्च्यांनाही ठाऊक आहे. या खेपेला वही दुसऱ्या कोणी पाहिली नव्हती. साहेबांनी ती मिटली आणि परत नेऊन ठेवली. मला फार वाईट वाटलं. मनात म्हटलं, घ्या! मांजर डोळे मिटून दूध पितंय.

आठवड्याने जागेवर एकत्र मोजणी ठरली. शिंपीणबाई, सासरे, कारकून, वजनमापचे अधिकारी आणि साहेब. कारकुनाने ऐटीत यंत्र काढलं, पण कडक उन्हात तो लाल ठिपका काही दिसेना. साहेबांनी मला पिशवीत घेतलंच होतं. मी पुन्हा त्या पडवीत आडवी झाले. अकरा बाय नऊ. कापड कापायच्या टेबलाला धरून बाई उभ्या होत्या.

अधिकारी शांतपणे म्हणाले, "जागा किती, हा प्रश्न नाही, साहेब. जागा कोणाची, हा आहे. तुमच्याच कार्यालयाने ती आमची म्हणून दाखला दिलाय."

साहेब मला गुंडाळायला लागले. एक-एक फूट, अगदी सावकाश. माझं तोंड असतं तर मी ओरडले असते. मला खात्री होती, ते आता डबी बंद करतील आणि "वर कळवतो" म्हणून निघून जातील. अशी माणसं मी आयुष्यभर बघितली होती. इतक्या वर्षांच्या धन्यावर मी त्या एका मिनिटात पुरता अविश्वास दाखवला, मित्रांनो.

साहेब म्हणाले, "तो 'वि' विभागाचा नाही. पडवीचा आहे. शब्द ओळीत मावला नाही म्हणून मी तोडला, आणि वेलांटीही चुकीची दिली. अक्षर माझं, चूक माझी."

मग सासऱ्यांनी डोळे बारीक करून विचारलं, "हे तोंडी झालं. लिहून द्याल?"

"बाबा!" सूनबाई ओरडल्या.

"विचारू दे त्यांना. बरोबर विचारलं," साहेब म्हणाले आणि शिलाई मशीनवरच कागद ठेवून त्यांनी लिहून दिलं. बाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या हुंदके देऊन रडल्या. पडवीची नऊ वर्षांची राहिलेली घरपट्टी भरावी लागेल असं कारकुनाने सांगितलं, तेव्हा त्या रडता रडताच म्हणाल्या, "भरीन हो, हप्त्याने भरीन. पडवी माझी म्हणून बिल येऊ दे एकदाचं!"

मी खूश झाले होते. पण अधिकाऱ्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ही टेप शेवटची पडताळली कधी? आमच्याकडे आणून द्या. मोजमाप नोंदवायचं तर नियमाने नोंदवू." मी चिडले. माझ्यावर संशय? कोर्टाच्या साक्षीदारावर?

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला त्यांच्या लांब पोलादी पट्टीशेजारी आडवं ठेवलं. आणि मित्रांनो, मी शंभर फुटांना तीन इंच लांब निघाले. लोकांनी ओढून ओढून मी ताणली गेले होते. ताणलेली टेप कमी आकडा दाखवते. म्हणजे किती तरी वर्षं मी प्रत्येक घर जरासं लहान सांगत होते, आणि तेवढा वेळ डोळे वटारून त्या घरांतल्या माणसांचे हात बघत होते.

पडवी दुसऱ्या टेपने मोजली गेली. फरक निघाला तो नखाएवढा. बाईंचं काही बिघडलं नाही. विभागाची नवी खोली आता इमारतीच्या मागच्या बाजूला होणार आहे. साहेबांना शेरा मिळाला, पेन्शन आठ महिने रखडली. मला 'बाद' असा शिक्का मिळाला. तसा कागद सही करून घेताना साहेब हसले आणि मला म्हणाले, "बरं झालं. तुलाही कोणीतरी मोजायला हवंच होतं."

म्हणून सांगते, मित्रांनो. आपल्या टेपा, तराजू, मापं वेळच्या वेळी तपासून घ्या, आम्ही आपलं आपण सांगू शकत नाही. आणि दुसऱ्यावर संशय घ्यायचा तर खुशाल घ्या, मी कोण अडवणार? पण मी ज्या माणसावर सगळ्यांत जास्त संशय घेतला, तो खरा निघाला, आणि खोटी निघाले ती मी. हे त्याला सांगायला मला तोंड नाही.