निरोप न दिलेले पाणी

मित्रांनो, मी तांब्याचा एक जुना गडू, फिरकीच्या झाकणाचा. कानडी मुलखातल्या चिक्कपेटेच्या बाजारात एका तांबटाने मला ठोकून घडवले, आणि तेव्हापासून त्याच शहरातल्या राजाजीनगरच्या एका मराठी घरातली पूजा माझ्यावाचून अडते. घरातले कोणी परगावी निघाले की मला बरोबर नेत आणि तिथले पाणी अभिषेकासाठी भरून आणत. तुंगभद्रा, गोदावरी, सगळ्या माझ्या पोटात राहून गेल्या आहेत. चिंचेने घासून घासून माझी नक्षी पुसली, पण मी कधी कुरकुरलो नाही.

या घरचा श्रीवत्स सव्विसाव्या वर्षी धर्मप्रचारासाठी स्लोव्हेनिया नावाच्या डोंगराळ देशात गेला. त्याच्या आईने, पद्मावतीबाईंनी, मला त्याच्या सामानात घातले. वर्षभर त्याने तिथल्या लोकांना आपल्या देवाची नावे शिकवली. मुलगा गुणी, पण एकदा बोलत सुटला की समोरच्याचे ऐकायचे राहूनच जाई.

परतण्याआधी त्याला एक दिवस मोकळा मिळाला. त्याच्या वर्गाला येणारे योझे नावाचे ऐंशी वर्षांचे आजोबा त्याला बसने डोंगरातल्या एका तळ्यावर घेऊन गेले. पाणी काळेभोर होते. भर दुपारी एकही पक्षी ओरडत नव्हता. आजोबा काठावर बसून हळूहळू सांगू लागले, लहानपणी त्यांची बहीण या तळ्यात बुडाली होती आणि कधी सापडलीच नाही. श्रीवत्सने मान हलवली, घड्याळ पाहिले आणि मला घेऊन तो पाण्याशी गेला. पूजेचे पाणी भरताना आपल्याकडे सगळ्या नद्यांना त्यात येऊन राहण्याचे आमंत्रण देतात. त्यानेही डोळे मिटून तो मंत्र म्हटला, झाकण फिरवले आणि तो बसकडे धावला.

मित्रांनो, नद्या मी ओळखतो. त्या दिवशी माझ्या पोटात आली ती नदी नव्हती. विमानात, बॅगेच्या अंधारात, कोणीतरी मला आतून बोटाने वाजवत होते. मला फार भीती वाटली, पण गडूने सांगायचे कोणाला?

घरी मला देवघरात ठेवले. अभिषेकाला अजून दहा दिवस होते. मी बाहेरूनही सदा ओला आणि गार असे. श्रीवत्सची सहा वर्षांची भाची मनस्विनी माझ्या झाकणाला कान लावून बसू लागली. ती कुजबुजे, मग ऐके, मग हसे. एके सकाळी ती अनोळखी भाषेत एक ते दहा मोजू लागली. ती भाषा कुठली, हे घरात फक्त श्रीवत्सला कळले आणि त्याचा चेहरा उतरला.

आठव्या दिवशी दुपारी अंगणातल्या संपचे, म्हणजे जमिनीखालच्या टाकीचे, झाकण उघडे राहिले होते. मनस्विनी मला मांडीवर घेऊन काठावर बसली. पाय आत सोडलेले. पद्मावतीबाईंनी धावत येऊन तिला ओढले.

"सोड अज्जी! तिला खाली एकटीला भीती वाटते. मी स्वल्प वेळ जाऊन येते."

पद्मावतीबाईंनी तिला कडेवर घट्ट धरले. त्यांनी लेकाला हाक मारून विचारले, "पाणी भरताना कोणाला बोलावलास?"

"नद्यांना, अम्मा. नेहमीसारखंच."

"सरी, बरं. आणि निघताना निरोप दिलास?"

"बस सुटत होती."

"बोलावलेल्याला पाठवल्याशिवाय पूजेतून कोण उठतंय रे!"

त्याने घाईघाईने अक्षता टाकून विसर्जनाचा मंत्र म्हटला. माझ्या पोटातली टकटक वाढली.

"तिला ते कळत नाही, मामा," मनस्विनी रडत म्हणाली. "तिचं नाव घे की."

नाव त्याने विचारलेच नव्हते. त्याने आजोबांना फोन लावला. वर्षभरात शिकलेल्या मोडक्यातोडक्या भाषेत तो म्हणाला, "त्या दिवशी मी तुमचं ऐकलं नाही. माझं चुकलं. तुमच्या बहिणीचं नाव काय?"

आजोबांनी सांगितले, "अना."

पाण्याबरोबर तिलाही आणल्याचे त्याने कबूल केले आणि फोन माझ्या झाकणाशी धरला. आजोबांनी हाक मारली, "अना, घरी ये." मी एकदम हलका झालो. आतले पाणी मात्र एक थेंबही कमी झाले नव्हते. मनस्विनी अज्जीच्या खांद्यावर झोपून गेली.

तेवढ्यात फोनमध्ये, तिकडे, दारावर टकटक झाली.

"थांब हं," आजोबा म्हणाले. खुर्ची सरकली. दार उघडले, आणि आजोबा फोनवर परतले नाहीत.

मित्रांनो, मला घासा नाही तर माळ्यावर टाका, मी रागावणार नाही. एवढेच करा. कोणाला बोलावण्याआधी त्याचे नाव विचारा, आणि तो घरी पोचेपर्यंत उठू नका. श्रीवत्स अजून रोज तो नंबर लावतो. तिकडे फोन उचलला जातो, आणि एक लहान मुलगी विचारते, कोण बोलतंय?