ओठांपुरतं पाणी

मित्रांनो, मी एक जुना तोटीचा कप आहे. पांढरा, इनॅमलचा, निळ्या काठाचा. निजलेल्या माणसाला मान न उचलता पाणी पिता यावं म्हणून मला ही चोच दिली आहे. चहाचे कप मला हसतात. हसोत बापडे! त्यांनी एकदा आजाऱ्याच्या तोंडाशी जाऊन दाखवावं.

देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी मी मुंबईहून बोटीनं रेवस बंदरात उतरलो आणि अलिबागजवळच्या एका लहानशा इस्पितळात कामाला लागलो. तिथल्या नर्स नलूबाई. आवाज खणखणीत, पण जीव लावणाऱ्या. रोज मला उकळून काढायच्या, तरी मी कधी कुरकुर केली नाही.

एकदा सकाळी मिठागरावरच्या धर्माला आणलं. अंतर्गळात, म्हणजे हर्नियात, आतडं अडकून तो नुसता तळमळत होता. डॉक्टरांनी ऑपरेशन लगेच करायचं ठरवलं. नलूबाईंनी त्याचं अंग पुसलं, पाणी बंद केलं आणि कमरेचा करगोटा सोडून त्याच्या बायकोच्या, येसूबाईच्या, हातात ठेवला. "घाबरू नको, मी आत आहे," असं त्याला म्हणाल्या. ऑपरेशनच्या खोलीत मला मज्जाव. पण चिमट्यांनी नंतर मला सगळं सांगितलं. औषधाची झोप लागेपर्यंत नलूबाईंनी म्हणे धर्माचा हात सोडला नव्हता.

दुपारी धर्मा शुद्धीवर आला आणि "पानी, पानी" करू लागला. आतड्याला टाके घातलेले, पोटात पाणी जायला नको. नलूबाईंनी माझ्यातल्या पाण्यात कापूस बुडवला आणि त्याचे ओठ ओले केले.

येसूबाईनं ते पाहिलं मात्र, तिनं हंबरडाच फोडला! अहो, आपल्याकडे करगोटा कुणाचा काढतात? ओठांवर थेंब थेंब पाणी कुणाला घालतात? जाणाऱ्याला! ती रडत बाहेर पळाली, आणि घटकाभरात तिचा दीर गुणाजी चौघांसह डोली घेऊन हजर झाला.

"बाय, आमचा मानूस आमाला द्या. सोताच्या घरान डोले मिटूं दे त्याला."

मी तर गारच झालो. डोलीचे हिसके बसून टाके तुटले असते, तर धर्मा वाटेतच गेला असता.

नलूबाई आधी रागावल्या, ओरडल्या. कुणी ऐकेना. मग येसूबाईच्या मुठीतल्या करगोट्याकडे त्यांची नजर गेली.

"अगं बाई! चुकलं माझंच. तुला आधी सांगायला हवं होतं."

त्यांनी नवा कापूस माझ्यात बुडवला आणि स्वतःच्याच ओठांना लावला.

"बघ येसूबाई, मी मेले का?"

येसूबाईचं रडणं थांबलं.

"करगोटा काढला, कारण तो सुरीच्या आड येतो. पाणी थेंबानं देते, कारण टाके ओले आहेत. तो जगणार आहे गं, पण इथं राहिला तर!"

गुणाजीनं डोली बाहेर नेली. नलूबाईंनी मला आणि कापसाला येसूबाईच्या हाती दिलं. तिनं धर्माचे ओठ ओले केले, तसा तो माझी तोटीच तोंडात घ्यायला धडपडला.

"घोटभर दे गो!"

येसूबाईच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तिनं मला मागं ओढलं.

"न्हाय. बाय सांगतील तवा."

मित्रांनो, आता माझे टवके उडालेत आणि मी कपाटात पडून असतो. मला विसरलात तरी चालेल. आजाऱ्याची सेवा मनापासून करा, पण त्याच्या उशाशी जे माणूस बसलेलं असतं ना, त्यालाही आपण काय करतो आहोत ते सांगा. त्या दिवशी धर्माचा जीव डॉक्टरांनी एकदा वाचवला, आणि येसूबाईनं दुसऱ्यांदा.