मी ‘टूं’ म्हटलं, तरी बेल वाजेना

मित्रांनो, मी एक जुना मल्टिमीटर आहे आणि त्या दुपारी मी खोटं बोललो नव्हतो, हे आधीच सांगून ठेवतो. जुन्या वस्तूवर आळ घ्यायला कुणाला वेळ लागत नाही.

माझी उमेदीची वर्षं रेडिओच्या कारखान्यात, तपासणीच्या टेबलावर गेली. माझ्या पोटातून एक लाल आणि एक काळी वायर निघते. त्यांच्या टोकांना सुईसारख्या सळ्या आहेत. त्या दोन ठिकाणी टेकवल्या आणि मधली विजेची वाट सलग असली, तर मी ‘टूं’ म्हणतो. तुटलेली असली, तर गप्प बसतो. त्या टेबलावर एक बाई बावीस वर्षं माझ्यासोबत होत्या. त्यांच्या हाताखालून गेलेला रेडिओ कधी परत आला नाही, असं सगळे म्हणत. यातलं निम्मं श्रेय माझं होतं, पण ते कुणी बोलून दाखवलं नाही.

बाई निवृत्त झाल्या आणि मला घेऊन धाकट्या भावाकडे राहायला आल्या. पुढच्या खोलीत त्यांची खाट होती आणि मागच्या खोलीत भावाचं छपाईचं यंत्र. भावाची मुलगी त्यांना आत्या म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो. आत्या तिला किट जोडायला शिकवत, कधी दिवा तर कधी भोंगा. फार चांगले दिवस होते ते.

मग आत्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. मला कपाटात टाकून दिलं गेलं. सेल माझ्या पोटातच पाझरला आणि मी दीड वर्ष मुका पडून राहिलो.

एके दिवशी आत्या खाटेवरून पडल्या. मागे यंत्र धडधडत होतं, भावाला काही ऐकू आलं नाही. भाची शाळेतून आली, तेव्हा आत्या तासाभरापासून गार फरशीवर होत्या. त्या आठवड्यातच भावाने एका शुश्रूषागृहात त्यांची सोय ठरवली. शनिवारी संध्याकाळी पाचला गाडी येणार होती.

भाचीने बेलचं किट आणलं. बटण खाटेपाशी, भोंगा यंत्राच्या डोक्यावर आणि मधे लांब वायर, असा तिचा बेत होता. बाबांनी तिला समजावून पाहिलं. ते म्हणाले, “मला का हौस आहे तिला पाठवायची? पण पुन्हा पडली आणि मला कळलंच नाही तर? गाडी यायच्या आत बेल वाजली, तर बघू.”

शनिवारी दुपारी तीनला तिने कथील वितळवून शेवटचा टाका सोल्डर केला आणि बटण दाबलं. काहीच झालं नाही. तेव्हा कुठे तिला माझी आठवण झाली. तिने माझं पोट खरवडून साफ केलं, नवा सेल घातला, माझ्या दोन्ही सळ्या एकमेकींना टेकवल्या. मी ‘टूं’ म्हटलं. दीड वर्षानंतर आवाज फुटला होता.

आधी तिने बॅटरी मोजली. नऊ व्होल्ट, चोख. मग बटणाची पाळी आली. एक हात बटणाला आणि दोन हात सळ्यांना, असे तीन हात कुठून आणायचे? तिने बटण बसवलेली छोटी पट्टी टेबलावर पालथी घातली, म्हणजे पट्टीच्या भारानेच बटण खाली दाबलं गेलं. मग वरून दोन्ही सळ्या बटणाच्या दोन पायांच्या टाक्यांवर जोर लावून रोवल्या. ‘टूं’. बटण चांगलं आहे, असं तिने वहीत लिहिलं.

मग तिने भोंगा बदलला. वायर वीतभर वीतभर करून तपासली. साडेतीन वाजले, चार वाजले. पुन्हा बटण तपासलं, पुन्हा मी ‘टूं’ म्हटलं, आणि बेल ढिम्म. सव्वाचारला बाबांनी आत्यांचे कपडे बॅगेत भरायला घेतले. भाचीने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “हा मीटरच खुळा झालाय.” मित्रांनो, ते मला फार लागलं. पण खरं सांगतो, मलाही धडकी भरली होती. मी खरं बोलत होतो आणि त्याच खऱ्यापायी आत्या घराबाहेर चालल्या होत्या.

साडेचारला ती रडवेली होऊन पट्टी आणि मला घेऊन खाटेवर आत्यांपाशी जाऊन बसली. “बघ ना आत्या, हा म्हणतोय बटण चांगलं आहे,” असं म्हणून तिने पट्टी खाटेच्या लाकडी कडेवर पालथी धरून दाखवली. सळ्या दाबता दाबता तिची नखं पांढरी पडली होती. मी ‘टूं’ म्हटलं.

आत्यांनी डावा हात उचलला, तिच्या मनगटाखाली घातला आणि मनगट केसभर वर केलं. सळी टाक्याला टेकलेलीच होती, फक्त जोर गेला. मी गप्प झालो. आत्यांनी मनगट खाली दाबलं, मी वाजलो. वर घेतलं, गप्प. असं तीनदा झालं. त्यांची नजर भाचीच्या चेहऱ्यावरून हलली नाही.

“म्हणजे मीच दाबून जोडत होते?” भाची पुटपुटली. आत्यांनी डोळे मिटून होकार दिला. बटणाच्या एका पायाचा टाका वरून चकचकीत होता, पण आत त्याने पायाला धरलंच नव्हतं. सळीच्या जोराने तो पायाला टेकायचा, जोर गेला की सुटायचा.

पाचला सात मिनिटं असताना कथील वितळवायची सोल्डरची कांडी तापली. तिने जुना टाका वितळवून नवा दिला. या वेळी सळी नुसती टेकवली, फुलाला लावावा तसा हात लावला. ‘टूं’. दारात गाडीचा हॉर्न वाजला. बाबांनी हट्टाने यंत्र सुरू केलं, कारण त्या धडधडीतच बेल ऐकू यायला हवी होती.

भाचीने बटण आत्यांच्या डाव्या हाताखाली सरकवलं. त्यांनी दाबलं. यंत्र चालूच राहिलं. खाटेवरून आम्हाला भोंगा ऐकू येणं शक्य नव्हतं, नुसती धडधड येत होती. आत्यांनी बोट काढलं नाही.

आणि धडधड थांबली.

बाबा शाईच्या हातांनी दारात आले. “काय हवंय, ताई?” त्यांनी विचारलं. आत्यांना काहीच नको होतं. बाबा खाटेच्या कडेला बसले आणि म्हणाले, “ऐकू आलं गं. ऐकू आलं मला.” आत्यांनी त्यांच्याकडे बघत बटण पुन्हा एकदा दाबलं. बाबांनी मान खाली घातली आणि हळूच भाचीला सांगितलं, “जा, गाडीवाल्याला म्हणावं, परत जा.”

मित्रांनो, मला कपाटात ठेवाल तेव्हा माझा सेल काढून ठेवा, एवढी माझी विनंती आहे. आणि कुणाला काही विचाराल तेव्हा हात हलका ठेवा. दाबून विचारलंत, तर मी तुम्हाला हवं तेच उत्तर देईन, आणि तिकडे कुणीतरी बटण दाबत राहील.