ओटिलियाच्या अठ्ठावीस गोळ्या

आमच्या गावात ग्रिलेला कुणी रोग म्हणत नाही. अंगावर खवल्यांची गोल चक्रं उठतात, एका चक्रात दुसरं, दुसऱ्यात तिसरं, आणि माणूस जन्मभर खाजवत बसतो. विचारलं तर म्हणतात, "आमच्या घराण्यातच आहे." जणू जमीनजुमलाच! एकोणीस वर्षं मी इथला दवाखाना चालवते, राहतेही तिथंच. ताप आला, मगरीनं पाय धरला, बायको पळाली, तरी माझ्याकडे धावत येतात. ग्रिलेसाठी एक जण येईल तर शपथ. सेपिक नदी सहा महिने घरांखालून वाहते, कपडे वाळत नाहीत, आणि एका मच्छरदाणीत अख्खं कुटुंब एकमेकांना चिकटून झोपतं. ग्रिले म्हणजे बुरशी; तिला याहून चांगलं घर कुठं मिळणार?

खोटं कशाला बोलू, या लोकांची मला किळस येऊ लागली होती. ग्रिलेची नव्हे, त्यांच्या बेफिकिरीची.

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी ओटिलिया मात्र वेगळी. दहावी झाली आणि समुद्रकिनाऱ्यावरच्या नर्सिंगच्या शाळेत तिची निवड झाली. आमच्या गावातून पहिलीच. पत्रात एक अट ठळक होती: हजर होताना कातडी स्वच्छ हवी, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. आणि हिची पाठ खांद्यापासून कमरेपर्यंत ग्रिलेनं भरलेली. हातात होते सहा आठवडे.

आधी माझा भाऊ काम्बुन शहाणपणा करायला पुढे सरसावला. आमच्याकडे भाचीचं सगळं मामानं बघायचं असतं, आणि काम्बुनला तर मिरवायची संधीच हवी असते. त्यानं दुकानातून मलमाची ट्यूब आणली. खोक्यावर गोरीपान बाई.

"अक्का, बघ! चार दिवसांत डाग गेले!" तो छाती काढून म्हणाला.

"गेले नाहीत, दडलेत. हे मलम नुसती खाज दाबतं आणि आत बुरशीला पोसतं."

"तुला माझं काही चांगलं बघवतच नाही."

दहाव्या दिवशी चक्रं दुपटीनं उठली आणि पोटावरही उतरली. काम्बुन म्हणाला, दुकानदारानं शिळी ट्यूब दिली. या माणसाच्या हातून आजवर एकही चूक झालेली नाही; सगळ्या दुसऱ्यांनीच केल्या.

मग मी दिवसभर होडीतून जाऊन जिल्ह्याचं सरकारी औषधालय गाठलं.

"घरात आणखी कुणाला आहे का?" तिथल्या माणसानं विचारलं.

"सगळ्यांनाच आहे. पण त्यांना खाजवण्यातच सुख आहे. तुम्ही एकीचंच नाव लिहा."

अठ्ठावीस गोळ्या मिळाल्या. रोज एक, जेवणानंतर. मी ओटिलियाला बजावलं, अंघोळ झाली की पाठ कोरडी पुसायची, कपडे उकळून उन्हात वाळवायचे, आणि झोपायचं वेगळं.

"वेगळं?" तिची आजी, तिच्या बापाची आई, ओरडली. "पोर काय मेलीये, एकटीला निजवायला?"

ओटिलियानं हळूच विचारलं, "मावशी, आजीच्या गोळ्या? धाकट्या भावंडांच्या?"

"तू तुझं बघ. बाकीच्यांना मरू दे खाजवत."

ती गोळ्या घेऊन घरात गेली. मला वाटलं, पटलं.

मी लसीकरणासाठी नदीच्या वरच्या गावांत गेले. अडीच आठवड्यांनी परत येऊन पाहते तर पाठ होती तशीच.

"गोळ्या कुठायत?"

"संपल्या."

"अठ्ठावीस? अठरा दिवसांत?"

"नाही मावशी. चार दिवसांत."

मी बोटांवर हिशेब केला. घरात माणसं सात. प्रत्येकाच्या वाट्याला चार!

"मग काय करायचं होतं?" काम्बुन उसळला. "घरात एक मासा आला तरी त्याचे सात तुकडे होतात. ही रोज सगळ्यांसमोर एकटी गिळणार आणि आम्ही बघत बसणार? डुकरं आहोत का आम्ही?"

"अरे मूर्खा, ती गोळी आहे, मासा नाही! चार गोळ्यांनी बुरशीच्या केसालाही धक्का लागत नाही!"

"माझ्या चारही कडू निघाल्या," आजी तक्रारीच्या सुरात म्हणाली.

मी ओटिलियाकडे वळले. "तुला तरी अक्कल होती ना?"

"एकटीनं खाल्ल्या असत्या, तर सुट्टीत आल्यावर या घरात मला कुणी पाणी विचारलं असतं का?"

मी त्या सातही जणांना तोंडाला येईल ते बोलले. बारा दिवस उरले होते. औषधालयात पुन्हा जायला मला लाज वाटली. माझ्या माणसांनी गोळ्या माशासारख्या वाटून खाल्ल्या, हे कुठल्या तोंडानं सांगणार? संडासामागे दादमर्दनाची, गजकर्णावर पाला चोळतात ती, झुडपं माजली होती. त्याचा पाला ठेचून मी रोज स्वतःच्या हातांनी तिच्या पाठीवर चोळला. डाग थोडे फिके पडले. रात्री पोरगी पुन्हा त्याच मच्छरदाणीत.

शाळेत मी तिच्यासोबत गेले, गावचा दवाखाना चालवते अशी ओळखही दिली. तपासणारी नर्स डोंगराकडची, माझ्याच वयाची होती. तिनं ओटिलियाचा ब्लाऊज वर केला, पाहिलं आणि खाली केला.

"हिला पुढच्या वर्षी पाठवा. यंदाची जागा गेली."

ओटिलिया आवाज न करता रडू लागली.

"घरात माणसं किती?" नर्सनं मला विचारलं.

"सात."

"सगळ्यांना आहे? आणि गोळ्या किती जणांच्या मागितल्यात?"

"एकीच्या. त्याही हिनं सात जणांत वाटल्या."

"दवाखाना तुम्हीच चालवता ना? एका मच्छरदाणीत सात जण, आणि औषध एकीला? हिनं सगळ्या गोळ्या घेतल्या असत्या तरी महिन्याभरात परत लागण झाली असती. अहो, सगळ्यांच्या मागितल्या असत्यात तर सगळ्यांच्या मिळाल्या असत्या. फुकट असतात त्या. गावातल्यांना कळत नाही हे मी समजू शकते. पण तुम्हाला?"

माझी माणसं कशी आहेत हे सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात नर्सनं औषधांच्या मागणीचा कागद पुढे ओढला, आणि ओटिलिया डोळे पुसत एकेक नाव सांगू लागली. आजी, बाप, आई, मामा, दोघं धाकटे, ती स्वतः.

"झाली सात," नर्स म्हणाली.

"आठ लिहा," ओटिलिया म्हणाली. "आठवं कोलेटा. माझी मावशी."

"मला कुठं काय झालंय?" मी म्हणाले. दोघी माझ्या कोपराकडे बघत होत्या. मी केव्हापासून खाजवत होते, देव जाणे.

नर्सनं मला बाही वर करायला सांगितली. मी केली.